मृत्युपत्रातले विद्यापीठ

तुमसरहून कटंगीच्या रस्त्याने निघाले की मध्य प्रदेशाची हद्द लागण्याआधी नाकाडोंगरी येते. भोवताली जंगल आणि धानाच्या बांध्या आहेत, जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे आणि तुमसरकडे परतताना चिखल्याची खाण लागते. आज या खाणी ‘मॉईल’ या सरकारी कंपनीकडे आहेत. शंभर वर्षांपूर्वी मध्य प्रांताच्या याच पट्ट्यात मँगनीजवर मोठ्या संपत्ती उभ्या राहिल्या. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांची संपत्ती त्यांतली एक. १९३० च्या मृत्युपत्राने त्यांनी तिचा मोठा भाग, सुमारे ३५ लाख रुपये, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिला. त्यातून १९४२ साली नागपुरात लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एलआयटी’, सुरू झाली. २०२३ मध्ये राज्य सरकारने तिलाच स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा दिला.

माणूस आपली मिळकत विद्यापीठाला देऊन जातो, तेव्हा ती नेमकी कुणाची होते? वारसांचा तिच्यावर काही हक्क उरतो का? विद्यापीठाला ती हवी तशी वापरता येते का? जगभरची न्यायालये या प्रश्नांवर भांडणे ऐकत आली आहेत. पुढच्या संवादातली दोन माणसे मी कल्पिलेली आहेत. मामा तुमसरच्या कोर्टात दिवाणी वकिली करून आता नाकाडोंगरीला स्थायिक झालेले. भाची एलआयटीत शिकलेली रसायन अभियंता. दोघांची मते कल्पित नाहीत. ती आपल्या समाजात रोज एकमेकांसमोर उभी असतात.

भाची : मामा, मला एक कळत नाही. माणसाने धडधडीत लिहून ठेवले की माझा पैसा विद्यापीठाला द्या. साक्षीदारांच्या सह्या आहेत. तरी पुतणे, मेहुणे, चुलते कोर्टात जातात आणि कोर्ट त्यांचे ऐकून घेते. काहून? ज्याचे होते त्याने दिले. विषय संपला.

मामा : विषय तिथे सुरू होतो, बेटा. कोर्टाचा पहिला प्रश्न असा की जे दिले ते देणाऱ्याचेच होते का? १९३० चा काळ घे. आपल्याकडे मिताक्षरा हिंदू कायदा होता. वडिलोपार्जित संपत्तीत मुलाचा हक्क जन्मापासूनचा. एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्सासुद्धा मृत्युपत्राने कुणाला देता येत नव्हता. तो अधिकार १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने आला. त्याआधी कुणी मोठेपणाने सगळी मिळकत कॉलेजला लिहून दिली आणि मुलगा कोर्टात गेला, तर त्याला लोभी म्हणता येत नव्हते. बाप त्याचाच हिस्सा वाटत होता.

भाची : ते वडिलोपार्जिताचे झाले. स्वतःच्या कमाईचे काय? खाणीचा पट्टा घेतला, जोखीम उचलली, माल विकला. ती कमाई स्वतःचीच ना?

मामा : स्वकष्टार्जित असेल तर पूर्ण मुभा. पण ते स्वकष्टार्जित आहे हे सिद्ध कोण करणार? पहिल्या पट्ट्याचे भांडवल बापाच्या दुकानातून आले होते की नाही? भाऊ खाणीवर हिशेब पाहत होता, तो नोकर होता की भागीदार? घर कुणाच्या नावावर होते आणि पैसा कुणाचा होता? अशा दाव्यांत वह्या-चोपड्या उघडाव्या लागतात. आणि विधवा बायकोचे काय? तिच्या पोटापाण्याचा, निवाऱ्याचा हक्क नवऱ्याच्या मिळकतीवर असतो. विद्यापीठाला दान केल्याने तो पुसला जात नाही.

भाची : बायकोच्या हक्काबद्दल माझे काही म्हणणे नाही. तो पहिला. मी बोलते आहे ते दूरच्या नातेवाइकांबद्दल, जे माणूस जिवंत असताना फिरकत नाहीत. आणि मामा, मला मुळातच एक गोष्ट वेगळी दिसते. हे मँगनीज कुणी तयार केले? ते या डोंगरात होते. ते फोडले चिखल्याच्या, डोंगरी बुजुर्गच्या, गोबरवाहीच्या बाजूच्या माणसांनी, बायांनी. त्यातून झालेला पैसा त्यांच्या नातवंडांच्या शिक्षणाकडे वळला, तर मला ते दानापेक्षा परतफेड वाटते. एखाद्या पुतण्यापेक्षा त्या मजुराच्या नातीचा हक्क मला जास्त दिसतो.

मामा : तुझे बोलणे मनाला पटते, पण ते मृत्युपत्राच्या खटल्यात बसत नाही. मजुराचे देणे मजुरीने द्यायचे असते, खनिजाचे देणे स्वामित्वधनाने आणि कराने. ते जिवंतपणी दिले नसेल, तर मरताना विद्यापीठाला पैसे देऊन ते फिटत नाही. उलट विचार. उद्या कोर्ट म्हणू लागले की पुतण्यापेक्षा समाजाला गरज जास्त, म्हणून मृत्युपत्र संशयास्पद असले तरी चालवून घेऊ. मग कुणाही म्हाताऱ्याच्या उशाशी बसून सही घेता येईल, फक्त लाभधारक म्हणून एखाद्या शिक्षण संस्थेचे नाव लिहायचे.

भाची : म्हणजे तुमचा संशय विद्यापीठावरच?

मामा : कुणावरही. जो मृत्युपत्र घेऊन येतो, ते खरे आहे हे दाखवण्याची जबाबदारी त्याची. आपल्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार हवेत. पण तेवढ्याने भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली म्हैसूरकडच्या एका खटल्यात सांगून ठेवले आहे की परिस्थिती संशयास्पद असेल, तर तो संशय मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने दूर करायचा. सही थरथरती आहे, जवळच्यांना कारण न देता वगळले आहे, ज्याला लाभ होतो त्यानेच लिहिण्यात पुढाकार घेतला आहे, असे काही असले की न्यायाधीश थांबतो. तिथे विद्यापीठ आहे की सावकार, हे बघत नाही. अमेरिकेतल्या टेक्सासच्या विल्यम मार्श राइसची गोष्ट तुला ठाऊक असेल.

भाची : राइस युनिव्हर्सिटी? नाव ऐकले आहे. गोष्ट नाही.

मामा : त्या धनिकाने आपली संपत्ती ह्यूस्टनमध्ये एका शिक्षण संस्थेसाठी ठेवली होती. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच्याच नोकराने केला आणि मागे होता अल्बर्ट पॅट्रिक नावाचा वकील. त्या वकिलाकडे एक मृत्युपत्र निघाले, ज्यात बहुतेक संपत्ती त्यालाच मिळत होती. ते बनावट ठरले. पण संस्थेपुढे तेवढेच संकट नव्हते. राइसची बायको आधी वारली होती, तिच्या मृत्युपत्राप्रमाणे अर्ध्या संपत्तीवर दावा लागला होता, कारण टेक्सासच्या कायद्यात नवरा-बायकोची कमाई सामायिक. तो तडजोडीने मिटला. संस्था उघडली १९१२ साली. आता सांग, कोर्टाने बारकाईने पाहिले नसते तर ते विद्यापीठ झाले असते का?

भाची : झाले नसते, हे खरे. पण तुम्ही कोर्टाने वाचवलेल्या विद्यापीठाची गोष्ट सांगितलीत. मी कोर्टाने नाकारलेल्याची सांगते. कॉर्नेल विद्यापीठ. जेनी मॅकग्रॉ ही लाकडाच्या मोठ्या व्यापाऱ्याची मुलगी. तिने विद्यापीठाचे ग्रंथपाल विलार्ड फिस्क यांच्याशी १८८० मध्ये लग्न केले आणि दुसऱ्याच वर्षी ती क्षयाने गेली. संपत्तीचा मोठा भाग तिने कॉर्नेलला, ग्रंथालयासाठी आणि इतर कामांसाठी ठेवला होता. तिच्या इच्छेबद्दल कुणाला शंका नव्हती. पण विद्यापीठाच्या सनदेत लिहिले होते की त्याच्याकडे ३० लाख डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असू नये. ती मर्यादा ओलांडली गेली होती, असे म्हणून नवरा आणि माहेरचे नातेवाईक दाव्यात उतरले. १८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात विद्यापीठ हरले. ना बनावट सही, ना फसवणूक. केवळ एका आकड्यामुळे एका बाईची शेवटची इच्छा रद्द झाली.

मामा : तो आकडा विधिमंडळाने घातला होता. आणि विद्यापीठाला तो ठाऊक होता.

भाची : आणि तिच्या मृत्यूनंतर ती मर्यादा उठवलीसुद्धा. पण कोर्टाने पाहिले ते मृत्यूच्या दिवशी काय होते ते. मामा, पुढचे ऐका. खटला जिंकलेले फिस्क १९०४ साली वारले, तेव्हा त्यांनी आपले दुर्मीळ ग्रंथसंग्रह आणि मिळकत कॉर्नेललाच ठेवली. म्हणजे पैसा अखेर जिथे जायचा तिथेच गेला. मधली वर्षे मात्र गेली ती गेली. ग्रंथालयाची इमारत हेन्री सेज या दुसऱ्या दात्याने पैसा घातला म्हणून उभी राहिली. असा दाता प्रत्येक विद्यापीठाला मिळत नाही.

मामा : फिस्कने पुढे दिले ते स्वतःच्या इच्छेने. कोर्टाने त्याच्याकडून ओढून घेतले असते, तर त्याने स्वतःचे ग्रंथ दिले असते का? वारसाचे म्हणणे ऐकले गेले, की पुष्कळदा त्याच्या मनातला राग उतरतो. नोबेलचेच बघ. १८९५ चे मृत्युपत्र, १८९६ चा मृत्यू. पारितोषिके द्या असे लिहिले होते, पण पैसा सांभाळायला संस्थाच नव्हती. नातेवाईक विरोधात गेले, खुद्द स्वीडनचा राजा नाराज होता. रॅगनार सोलमन या व्यवस्थापकाने १८९८ मध्ये नातेवाइकांशी तडजोड केली. १९०१ साली पहिली पारितोषिके दिली गेली. त्याने नातेवाइकांना शत्रू मानले असते, तर दावा पुढच्या पिढीकडे गेला असता.

भाची : आणि टाटांचे? जमशेटजी १९०४ मध्ये गेले. विज्ञान संस्थेसाठी त्यांनी मिळकत बाजूला काढण्याचा संकल्प केला होता. मुलांनी वडिलांचा शब्द तडीस नेला आणि १९०९ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. तिथे वारसच दानाचे रखवालदार झाले.

मामा : बरोबर. कारण त्यांच्या वडिलांनी हा विचार जिवंतपणी वर्षानुवर्षे उघड मांडला होता. मुलांना मृत्युपत्र वाचून धक्का बसला नाही. माझ्या अनुभवात मृत्युपत्राचे दावे पैशापेक्षा धक्क्यातून जास्त लागतात. तेराव्याला कळते की घराचा काही भाग एखाद्या संस्थेला गेला. मग मुलाला वाटते, बापाने आपल्याला मोजले नाही. तो वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या हातात जमिनीचे कागद असतात, पण तो बोलतो अपमानाबद्दल.

भाची : मग कायद्याने मरणाऱ्याचा हातच बांधावा, असे तुमचे मत आहे का? इंग्रजांनी तेच केले होते. उत्तराधिकार कायद्यातले कलम ११८. जवळचे नातेवाईक असतील, तर धर्मादायासाठी मृत्युपत्र करायचे ते मृत्यूच्या निदान बारा महिने आधी, आणि सहा महिन्यांत ते सरकारी कचेरीत जमा करायचे. नाही तर दान रद्द.

मामा : ते कलम हिंदूंना लागू नव्हते. त्याचा भार मुख्यतः ख्रिस्ती समाजावर पडत होता. मागची भीती जुनी, इंग्लंडमधली. मरणाच्या दारातल्या माणसाला धर्मगुरू घाबरवून मिळकत लिहून घेतील आणि घरचे उपाशी मरतील, ही ती भीती. मी तिला अगदीच खोटी म्हणत नाही.

भाची : पण सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम यांच्या खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवले. एका धर्माच्या माणसाला शाळा-इस्पितळाला देण्याची बंदी आणि दुसऱ्याला मुभा, हे समानतेत बसत नाही. शिवाय धर्मादायाला देणे म्हणजे संशयास्पद कृत्य, हा पाया कोर्टाने मान्य केला नाही. मला तो निकाल फार मोठा वाटतो. मेजवानीवर, दागिन्यांवर, जुगारावर पैसा उधळला तर बारा महिन्यांची अट नाही. शिक्षणासाठी दिला की अट!

मामा : तो निकाल मलाही मान्य आहे. सरसकट बंदी नको. प्रत्येक प्रकरण तपासायचा हक्क मात्र राहू दे. आणि दुसरी गोष्ट, दात्याने नीट लिहायला हवे. मुंबईच्या रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली सांगितले की नुसते ‘धरम’ साठी दिले असे लिहिलेले दान टिकत नाही. कारण काय करायचे ते कोर्टाला ठरवता येत नाही. माणूस धार्मिक होता, मन मोठे होते, तरी दान गेले. लक्ष्मीनारायण यांचे दान तसे नव्हते. कोणत्या विद्यापीठाला आणि कोणत्या विषयांसाठी, दोन्ही ठरलेले होते. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र. आज कुणालाही वाचून कळते.

भाची : आणि तो विषयच किती विचाराने निवडलेला! आमच्या या डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीत जाते. खनिज बाहेर पाठवायचे आणि रसायन बाहेरून विकत घ्यायचे, हे त्या काळचे चित्र होते. खाणमालकाने रसायनशास्त्र शिकवा म्हटले, याचा अर्थ मला असा लागतो की दगड विकण्यापेक्षा दगडाचे काय करायचे ते इथल्या मुलांना कळावे. म्हणून मी म्हणते, हे दान हेतूला दिलेले आहे. विद्यापीठ त्याचा सांभाळ करते एवढेच.

मामा : थांब. इथे तू आणि मी जागा बदलतो आहोत. मघापासून तू म्हणतेस, मृत्युपत्रातला शब्द पाळा. शब्द काय आहे? दान ‘नागपूर विद्यापीठाला’. २०२३ मध्ये एलआयटी त्या विद्यापीठातून बाहेर पडून वेगळे विद्यापीठ झाली. आता दिलेला पैसा, त्यातून आलेली जमीन, इमारती कुणाच्या? शब्द पाळायचा तर नागपूर विद्यापीठाच्या. हेतू पाळायचा तर जिथे तो विषय शिकवला जातो त्यांच्या.

भाची : हेतूच्या बाजूने मी ठाम आहे. विद्यापीठाची नावे बदलतात, हद्दी बदलतात. १९२३ चे नागपूर विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने चालते. अमरावतीचे वेगळे झाले, पुढे गोंडवानाचे झाले. रसायनशास्त्र मात्र तेच. जिथे ते शिकवले जाते तिथे पैसा जावा.

मामा : आणि उद्या सरकारने त्या संस्थेत रसायन बंद करून व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम काढले तर?

भाची : तर पैसा तिथूनही काढून घ्यावा.

मामा : कुणी? तू? मी? तिथे कोर्ट लागते. दानाचा मूळ हेतू जसाच्या तसा पार पाडणे अशक्य झाले, तर न्यायालय त्याच्या सर्वांत जवळचा मार्ग शोधते. सार्वजनिक न्यासांसाठी आपल्या राज्याच्या कायद्यात त्याची तरतूद आहे. पण बारकावा ऐक. ‘अशक्य झाले’ आणि ‘गैरसोयीचे झाले’ यांत फरक आहे. शहर वाढले, जमिनीला सोन्याचा भाव आला, तिथे दुसरे काही बांधले तर जास्त भाडे येईल, ही गैरसोय झाली. त्यासाठी दात्याचा हेतू वळवता येत नाही. विद्यापीठाकडे आलेली दानाची जमीन कोणत्याही निमित्ताने दुसरीकडे जाऊ लागली, तर प्रश्न विचारण्याचा हक्क माजी विद्यार्थ्यांनाही असला पाहिजे, असे मी म्हणेन.

भाची : इथे आपण एक झालो. पण हेतूच वाईट असेल तर? तुम्ही राइसचे सांगितलेत. त्या संस्थेच्या सनदेत प्रवेश फक्त गोऱ्यांना होता ना?

मामा : होता. १९६३ मध्ये विश्वस्तच कोर्टात गेले आणि ही अट बदलायची परवानगी मागितली. १९६४ मध्ये ती मिळाली, तरी काही माजी विद्यार्थी अपिलात गेले. म्हणजे मेलेल्या माणसाचा शब्द जसाच्या तसा धरून बसणारी माणसे किती टोकाला जाऊ शकतात, ते बघ. म्हणून मी तुला विचारतो. मृताचा हात किती पिढ्यांवर असावा? खासगी मिळकत कायमची बांधून ठेवायला कायदा बंदी करतो. धर्मादायाला त्यातून सूट आहे. ही सूट समाजाने दिली आहे, म्हणून समाजाला फेरविचाराचा हक्कही आहे.

भाची : हक्क मान्य. पण तो वापरण्याची पद्धत उघड हवी. विश्वस्त कोर्टात गेले, कारणे सांगितली, विरोधकांचे ऐकले, मग बदल झाला. ते मला मंजूर. बंद खोलीत ठराव करून पैसा दुसऱ्या खात्यात वळवणे मला मंजूर नाही. आणि एक गोष्ट तुमच्या कोर्टालाही लागू आहे. अशा दाव्यात वारसाला वकील असतो, विद्यापीठाला वकील असतो. पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलीला कोण असतो? तिची चार वर्षे दाव्यासाठी थांबत नाहीत. पंधरा वर्षे दावा चालला, तर पंधरा तुकड्या शिकून बाहेर पडतात आणि त्यांना त्या पैशातले पुस्तकही मिळत नाही.

मामा : हे खरे आहे. मी दिवाणी बाजू चालवली, त्यामुळे ‘तारीख’ या शब्दाचे ओझे मला माहीत आहे. पण खाणमालकाची मिळकत म्हणजे तिजोरीतली रोकड नसते. पट्टे असतात, न विकलेल्या खनिजाचे ढीग असतात, देणी असतात, येणी असतात. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत मँगनीजचा बाजार कोसळला होता. अशा वेळी घाईने विकले तर दान निम्म्यावर येते. लक्ष्मीनारायण यांचे मृत्युपत्र १९३० चे आणि संस्था १९४२ ची. एवढ्या मोठ्या मिळकतीचे विद्यापीठ करायला वेळ लागतोच. सगळा दोष कोर्टाच्या माथी मारू नकोस.

भाची : मग माणसाने जिवंतपणीच का देऊ नये? हरिसिंग गौर नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, मोठे कायदेपंडित होते. १९४६ मध्ये सागरला त्यांनी स्वतःच्या २० लाख रुपयांतून विद्यापीठ उभे केले. त्यांच्या डोळ्यांसमोर वर्ग भरले. मृत्युपत्राचे सगळे कंगोरे माहीत असलेला माणूस, त्यानेच आधी हाताने दिले. यातून शिकायला नको?

मामा : शिकायला हवे. पण सगळ्यांना ते जमत नाही. समज, आपल्या नाकाडोंगरीतला एखादा कास्तकार. पाच एकर वावर, मूलबाळ नाही, बायको आहे. जिवंत आहे तोवर त्याला त्या वावराचे धान लागते. तो मृत्युपत्रच करणार.

भाची : मग तुम्ही त्याला काय सांगाल?

मामा : पहिले, शेतजमीन विद्यापीठाच्या नावाने परस्पर लिहू नकोस. गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यात शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्रानेही शेतजमीन देता येत नाही. विदर्भाला १९५८ चा वेगळा कायदा आहे, तोही शेतजमिनीच्या हस्तांतरावर बंधने घालतो. म्हणून जमीन कोणत्या वर्गाची आहे, परवानगी लागते का, ते आधी बघायचे. नाही तर विकून येणारी रक्कम विद्यापीठाला द्या, असे लिहायचे. दुसरे, सातबारा आणि फेरफार जिवंतपणीच साफ करून घ्यायचे. आजोबाच्या वेळची वारसान नोंद राहिली असेल, तर दान गेलेच समज. तिसरे, बायकोची तिच्या हयातीपर्यंतची सोय मृत्युपत्रातच लिहायची, तोंडी नाही.

भाची : आणि पुतण्यांचे?

मामा : त्यांना बोलावून सांगायचे. द्यायचे असेल ते नावाने लिहायचे, द्यायचे नसेल तर कारणही लिहायचे. आणि मृत्युपत्राचा व्यवस्थापक असा नेमायचा, की जो विद्यापीठाचा माणूस नाही आणि वारसही नाही.

भाची : मी त्यात तीन गोष्टी घालेन. हेतू विषयाच्या नावाने लिहावा, इमारतीच्या नावाने नाही. इमारत पडते, विषय राहतो. ती संस्था बंद झाली, वेगळी झाली, तर पुढे कुणाकडे जावे हेही लिहावे. आणि विद्यापीठाने त्या पैशाचे खाते वेगळे ठेवून दरवर्षी हिशेब जाहीर करावा, ही अट दानातच असावी. विद्यापीठ ती मान्य करत नसेल, तर त्याने दान घेऊ नये.

मामा : विद्यापीठे अशा अटींना कचरतात.

भाची : कचरोत. दान स्वीकारणे हा अधिकार आहे, तशी ती जबाबदारीही आहे. दात्याच्या नावाची पाटी लावली की काम संपले, असे होता कामा नये. कुणाच्या नावाने पन्नास वर्षांपूर्वी सुवर्णपदक ठेवले असेल, तर त्या ठेवीच्या व्याजात आज सोने येते का, हे तरी कुणी पाहावे.

मामा : एका मुद्द्यावर आपले जमणार नाही. वारसाला कोर्टाचे दार बंद करा, असे तू म्हणालीस तर मी शेवटपर्यंत विरोध करीन.

भाची : दार बंद करू नका. पण शिक्षणासाठीच्या दानाचे दावे वर्षानुवर्षे चालू नयेत. आधी ऐका, ठरलेल्या मुदतीत निकाल द्या आणि तोवर निर्विवाद भागाचे उत्पन्न विद्यार्थ्यांवर खर्च होऊ द्या. तुम्ही वारसाचा हक्क धरता, मी विद्यार्थिनीचा. दोघांतले कोण आधी, हे मी तुमच्यावर सोडायला तयार नाही.

इथे दोघे थांबतात, कारण यापुढे मतभेद प्रामाणिक आहे आणि तो तसाच राहिला तरी चालेल. मला स्वतःला मामांचा आग्रह कायद्यात आवश्यक वाटतो. देणाऱ्याचे नव्हते ते दिले गेले असेल, किंवा बायकोला उघड्यावर टाकून दिले गेले असेल, तर ते दान विद्यापीठाच्या नावाने पवित्र होत नाही. पण एकदा ही तपासणी पार पडली की माझी बाजू भाचीची आहे. मृत्युपत्राने विद्यापीठ मालक होते, तरी ते विश्वस्तासारखे वागायला बांधलेले असते. दान ज्या शिक्षणासाठी आले त्यापासून ते दूर जात असेल, तर तो नव्या प्रकारचा वाद आहे. त्यात एकाच बाजूच्या हातात सत्ता, जमीन आणि कागद असतात, म्हणून तो वारसांच्या दाव्याइतकाच गंभीर आहे.

लक्ष्मीनारायण यांच्या दानाचे आता दोन सांभाळकर्ते आहेत. एक विद्यापीठ ज्याच्या नावाने दान आले, आणि एक विद्यापीठ जे त्यातून जन्मले. दोघांनी मिळून एक काम करावे. त्या दानातून आज काय शिल्लक आहे, त्याचे उत्पन्न किती, आणि उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांवर ते खर्च होते, याचा हिशेब दरवर्षी मराठीत छापावा. नाकाडोंगरीच्या हायस्कुलात बारावी विज्ञान शिकणाऱ्या मुलीला तो वाचता आला पाहिजे, कारण त्या पैशावरचा सर्वांत खरा दावा तिचा आहे.